मायच्या कमरेचं पिस्तूल

आमच्या घरात पिस्तूल आहे, याचं लहानपणी मला काही विशेष वाटत नसे. कुणाच्या घरी शिलाईचं मशीन असतं, कुणाच्या घरी बाजाची पेटी असते, तसं आमच्या घरी पिस्तूल. दादा, म्हणजे माझे वडील, लातूरच्या सराफ लाईनीत बसत. पुढं दुकान, मागं त्यांची भट्टी आणि वरच्या दोन खोल्यांत आम्ही. सकाळी डोळे उघडायच्या आधीच खालून बारीक हातोडीचा आवाज यायचा. त्यात मध्येच फुंकणीचा लांब सूर मिसळायचा, आणि वर स्वयंपाकघरात माय येसराची आमटी फोडणीला टाकायची. काळ्या मसाल्याचा खाट आणि खालून येणारा तापल्या टाकणखाराचा वास, या दोन्हींत मी वाढले. अजूनही कुठं सोनाराच्या दुकानात शिरले की मला आधी भूक लागते.

दादा निम्मे दागिने स्वतः घडवत आणि निम्मे नांदेडला नागनाथ पांचाळ नावाच्या कारागिराकडून करून आणत. नागनाथकाका मूळचे देगलूरकडचे. त्यांच्या हातच्या ठुशीला आणि नथीला आमच्या गिऱ्हाइकांत मोठा मान. महिन्यातून दोनदा दादा एसटीनं नांदेडला जात आणि तयार माल घेऊन येत. त्या दिवशी सदऱ्याखाली पिस्तूल असे. बत्तीस बोरचं, चांगलं लांबरुंद, दादांच्या पंज्यातसुद्धा भरून उरणारं. परत आल्यावर ते आधी हातपाय धूत, मग पिस्तुलातली गोळ्यांची पेटी काढून वेगळ्या कपाटात ठेवत, पिस्तूल तिजोरीत ठेवत आणि मग जेवायला बसत. हा क्रम कधी चुकला नाही. मी दहावीत असताना दादांना कावीळ झाली. लातूरचे डॉक्टर झाले, गावठी औषध झालं, आणि तीन आठवड्यांत ते गेले.

लायसनवाला माणूस गेला की हत्यार घरात ठेवता येत नाही. तेरावा झाल्यावर माझे मामा, प्रल्हादमामा, ते ठाण्यात जमा करून आले आणि पावती मायच्या हातात देत म्हणाले, "ताई, ह्याचं काय ते ठरवू. विकून टाकू, न्हाईतर माझ्या नावावर करून घेतो."

माय तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माझ्या नावावर करायचं."

मामांना वाटलं दुःखानं बोलतेय. पण माय कधी नव्हे ती स्पष्ट बोलत होती. दुकान बंद करायचं नव्हतं, दादांचा बाक रिकामा होता, म्हणजे आता सगळाच माल नांदेडहून येणार, आणि तो आणायला तिलाच जावं लागणार. वर्षभरापूर्वी नांदेडच्या वाटेवर लोहा गावाच्या अलीकडे एका सराफाची पिशवी हिसकावून त्याला गाडीतनं ढकलून दिलं होतं, तो माणूस अजून काठी घेऊन चालत होता. "तू किती दिस माझ्यासंगं येशील?" ती मामांना म्हणाली. "तुझं घर हाय, शेत हाय. मालाबरोबर मी जाणार, तर ते बी माझ्याजवळच पाहिजे."

मग अर्ज झाले, कलेक्टर कचेरीच्या चकरा झाल्या, शेजाऱ्यांचे जबाब झाले. बाई पिस्तूल मागते म्हटल्यावर जो तो तिला बघायला बाहेर यायचा. चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "बाई, तुम्हाला भीती नाही वाटत?" माय म्हणाली, "वाटते की. म्हणून तर मागून राहिले." लायसन मिळायला जवळजवळ वर्ष गेलं. पोलिसांच्या मैदानावर तिला चालवायला शिकवणारे जाधव हवालदार कळवळून सांगत होते, "अहो बाई, हे तुमच्या हातापरीस मोठं हाय. छोटं रिव्हॉल्वर घ्या, पाकिटात बसतंय." मायनं ऐकलं नाही. रोज सकाळी आमटीला उकळी येईपर्यंत ती पाण्यानं भरलेला तांब्या हात लांब करून धरून उभी राहायची. पहिल्यांदा तिचा हात थरथरायचा, पाणी फरशीवर सांडायचं. चार महिन्यांनी थेंबसुद्धा सांडेना.

मोच्याकडून तिनं चामड्याची म्यान शिवून घेतली. ती पट्ट्यानं परकरावर डाव्या अंगाला बांधायची आणि वरून पदर घ्यायची. कुणाला काही दिसत नसे. मी सोबत असायची. मायलेकी हातात पिशवी घेऊन एसटीत बसल्या की लोकांना वाटावं, कुठं लग्नाला नाहीतर माहेरी चालल्यात. पिशवीत वर धपाटे, चटणी, एखादं लुगडं आणि सगळ्यांत खाली माल.

खरं सांगते, मला ते सगळं आवडायचं. अकरावीतल्या मैत्रिणींना मी दबक्या आवाजात सांगितलं होतं आणि त्यांच्या डोळ्यांत जे दिसलं त्यानं मी आठवडाभर हवेत होते. दादा गेल्यावर आमच्याकडे कीव करून बघणारे लोक आता जरा सरळ उभे राहून बोलत. दुकानात आवाज चढवणारा एक नातेवाईक एकदम "वहिनी, तुम्ही म्हणाल तसं" म्हणायला लागला. माय कधी पिस्तुलाचा उल्लेखही करायची नाही, पण गावाला माहीत होतं, आणि तेवढं पुरत होतं. फक्त एक गोष्ट मला तेव्हा कळली नाही, ती आता या वयात नीट दिसते. आमची नजर बदलली होती. पूर्वी दादांबरोबर नांदेडला जाताना मी खिडकीतून विष्णुपुरीच्या धरणाचं पाणी बघायची, शेजारच्या बाईची पोरं खेळवायची. आता आम्ही दोघी मागच्या बाकावर पाठ टेकून बसायचो आणि चढणाऱ्या प्रत्येकाकडे बघायचो. याच्या हातात काय आहे? हा दोनदा मागे का वळला? धपाटे पिशवीतच राहायचे. घरी आल्यावर माय ते तव्यावर गरम करून वाढायची.

ती दुपार मे महिन्यातली. चाकूरच्या एका गुरुजींच्या मुलीचं लग्न होतं. गोठ, पाटल्या, ठुशी आणि नथ, असा सगळा साज नागनाथकाकांकडे केला होता. नांदेडला आम्ही त्यांच्या दुकानात पोचलो तेव्हा वीज गेलेली. काका पुठ्ठ्यानं वारा घेत एकेक दागिना तोलत होते, गुलाबी कागदात गुंडाळत होते. मागच्या अंधाऱ्या खोलीत भट्टीसमोर कुणीतरी पाठमोरं बसून फुंकत होतं.

"नवीन ठेवला का माणूस?" मायनं विचारलं.

"माझाच दत्ता हो, वहिनी. हैद्राबादेत मामाकडं होता इतके दिस. हात चांगला हाय त्याचा, पण..." काका पुढं काही सांगणार तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आत शिरलं, आम्हाला गाडीची घाई होती, आणि ते बोलणं तिथंच राहिलं.

गाडी सुटली, स्टँडच्या फाटकातून बाहेर पडत होती, तेव्हा एक माणूस पळत आला आणि चालत्या गाडीत चढला. उन्हाचं तोंडाला रुमाल बांधलेला, फक्त डोळे दिसत होते. त्यात नवल काही नव्हतं, मे महिन्यात निम्मी गाडी तशीच असते. पण त्यानं चढल्या चढल्या एकेक बाक न्याहाळला, आमच्यापाशी त्याची नजर थांबली आणि तो आमच्यापुढं चार बाकं सोडून बसला. नंतर दर थोड्या वेळानं मागं वळून बघायचा. कंडक्टरला त्यानं तोंडानं गाव सांगितलं नाही, नुसतं बोट आमच्याकडे दाखवलं. आम्ही माल द्यायला थेट चाकूरला उतरणार होतो, कंडक्टरनं त्यालाही चाकूरचंच तिकीट फाडलं. मायनं ते पाहिलं आणि पदराखाली हात नेला.

लोह्याला तो उतरला नाही. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा उतरला, आणि चहाच्या टपरीकडे न जाता थेट आमच्या खिडकीखाली येऊन उभा राहिला. वर बघितलं. गाडीतली गर्दी बघितली. पुन्हा आत येऊन बसला.

"मंदे," माय ओठ न हलवता म्हणाली, "त्याच्याकडं बघू नको. चाकूरला उतरलं की माझ्या उजव्या अंगानं चालायचं. मी सांगितलं की पळायचं. मागं बघायचं न्हाई."

"आणि तू?"

"सांगितलं तेवढं कर."

चाकूरला पाच माणसं उतरली. दोघं बैलगाडीकडे गेली, उरलो आम्ही आणि तो. दुपारचे अडीच-तीन वाजले असतील. बाजारातली दुकानं फळ्या लावून बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. गुरुजींचं घर पलीकडच्या आळीत होतं. आम्ही भरभर चालत होतो आणि मागून चपलांचा आवाज येत होता. आम्ही थांबलो की थांबायचा, चाललो की चालायचा. आळीत वळलो, दोन्हीकडे मातीच्या भिंती, आणि तो आवाज एकदम पळायला लागला.

माय गर्रकन वळली. मला तिनं डाव्या हातानं मागं ढकललं. "थांब!" तिचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "थांब तिथंच! एक पाऊल पुढं टाकू नको!"

तो थांबला नाही. जणू तिनं काही म्हटलंच नाही, असा सरळ येत राहिला, आणि येता येता त्यानं मान खाली घालून हात सदऱ्याच्या आत घातला.

पुढचं सगळं घडायला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. मायचा पदर खांद्यावरून खाली पडला. पिस्तूल तिच्या हातात होतं, हात लांब, ताठ, तांब्या धरायची तसाच, जराही न थरथरणारा. अंगठ्यानं तिनं सेफ्टीची कळ खाली केली, तिचा बारीक आवाज झाला. मी त्याच्या हाताकडे बघत होते. सदऱ्यातून तो हात बाहेर आला आणि मला त्याची बोटं दिसली. नखं काळी, बोटांच्या शेंड्यांवर भाजल्याचे पांढरे ठिपके, अंगठ्याच्या कडेला चरा. दादांची बोटं अशी होती. सोनाराशिवाय कुठल्याच माणसाची बोटं अशी नसतात. आणि त्या बोटांत गुलाबी कागद होता.

"माय, सोनार हाय त्यो! आपला हाय! माय!" मी ओरडले आणि तिच्या मनगटाला दोन्ही हातांनी लोंबकळले. पिस्तूल खाली, जमिनीकडे गेलं.

तो आता आमच्यापासून पाच-सहा हातांवर होता. त्याला पिस्तूल तेव्हा दिसलं. तो जागच्या जागी थिजला. रुमाल गळ्यात घसरला, आत पंचविशीतला, काकांसारखाच रुंद कपाळाचा चेहरा. त्याच्या घशातून एक आवाज आला, शब्द नसलेला. त्यानं मोकळ्या हातानं कानाला बोट लावलं आणि पंजा नाही-नाही असा हलवला. पुन्हा कान. पुन्हा नाही. मग गुलाबी पुडी तळहातावर ठेवून हात पुढं केला.

पुडीत नथ होती आणि पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी. ती चिठ्ठी मी इतक्या वेळा वाचली आहे की आजही पाठ आहे. "वहिनी, गडबडीत नथ तराजूखाली राहिली. दत्ताला ऐकू येत नाही, बोलता येत नाही. गाडीत चारचौघांत देऊ नको, वहिनींच्या हातातच दे, असं त्याला बजावलं आहे."

मायनं कळ वर केली, गोळ्यांची पेटी काढली, सगळं अगदी शिकवल्याप्रमाणे, आणि मग कुणाच्यातरी ओट्याच्या पायरीवर बसली ती उठेचना. तिला उलटी झाली. दत्तानं शेजारच्या दारातल्या रांजणातून तांब्याभर पाणी आणलं. मायनं तोंड धुतलं आणि त्याच्यासमोर हात जोडले. तो मान हलवून मागं मागं सरकत गेला, वळला आणि स्टँडकडे चालू लागला. आळीच्या टोकाशी एकदा थांबून त्यानं भिंतीला हात टेकला, मग दिसेनासा झाला.

आम्ही गुरुजींकडे गेलो. मांडव घालायचं काम चाललं होतं, बायका हसत होत्या. आम्हाला पन्हं दिलं, चुरमुऱ्यांचा सुशीला दिला. नवरीनं नथ नाकाला लावून बघितली आणि आरशात स्वतःलाच लाजली. माय बशी हातात धरून बसली होती. तिच्या बशीतला एक चुरमुरासुद्धा हलला नाही.

दोन दिवस ती दुकानात उतरली नाही. मामांना मी सगळं सांगितलं. त्यांनी दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "ताई, झालं ते झालं. काही अघटित तर घडलं न्हाई ना? कुठं बोलू नको, लायसन जाईल, नागनाथ काम बंद करील. आणि त्यो दत्ता मुका. कोण सांगून राहिलंय कुणाला?"

"म्हणून तर मला सांगायला पाहिजे," माय म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ठाण्यात गेली, पिस्तूल आपणहून जमा केलं, पावती घेतली आणि तिथूनच आम्ही नांदेडची गाडी धरली. त्या प्रवासात मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. मला राग आला होता, हे आज कबूल करायला हरकत नाही. मला वाटत होतं ती उगाच सगळं हातचं घालवायला निघाली आहे. सतरा वर्षांच्या मुलीला आपली माय भित्री वाटलेली चालत नाही, आणि त्या दिवशी ती मला भित्री वाटली होती. माझी ती समजूत दुकानाच्या पायरीपर्यंतच टिकली.

नागनाथकाकांना दत्तानं काही कळू दिलं नव्हतं. माय उभ्यानंच बोलली. कसं काय घडलं, तिनं काय काढलं, कुणावर धरलं, सगळं. कुठंही उन्हाला, गर्दीला, लोह्याच्या त्या चोरीला दोष दिला नाही. "माझ्या मंदीनं हात धरला नसता तर तुमचा दत्ता आज नसता, काका," ती म्हणाली. "हे मी तुमच्या घरात येऊन न्हाई सांगितलं तर कुठं सांगू?"

काकांनी हातातली सांडशी खाली ठेवली. आतून त्यांची बायको बाहेर आली, लक्ष्मीकाकू. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. गोरीपान, ठेंगणी बाई, बोलताना मध्येच तेलुगू शब्द यायचे. पण तेव्हा त्या अगदी स्वच्छ मराठीत बोलल्या. "पंचवीस वर्षं मला त्याचा घोर हाय. रस्त्यानं जाताना मागून गाडी येईल म्हणून जीव मुठीत धरला. माणसाचं भ्या मला कधी वाटलं न्हाई. ते तुम्ही दिलंत." आणि काकांकडे वळून, "ह्यांचं काम आजपासनं बंद."

मागच्या खोलीच्या दारात दत्ता उभा होता. तो आमच्या सगळ्यांच्या ओठांकडे बघत होता, एकाकडून दुसऱ्याकडे. माय त्याच्यासमोर गेली आणि खाली वाकली. तो दचकून असा मागं सरला की भट्टीवरच आदळला असता. त्यानं तिचे दोन्ही दंड धरून तिला उभं केलं आणि रागानं मान हलवली. त्याचा राग वाकण्याबद्दल होता, हे मला तेव्हाही कळलं. आम्ही परत आलो.

पुढचे चार-पाच महिने दुकान नावाला उघडं होतं. दुसऱ्या कारागिरांचे हात गिऱ्हाइकांना पसंत पडेनात. माय रोज दादांचा बाक पुसायची, हत्यारं तेल लावून ओळीनं ठेवायची आणि गादीवर बसून राहायची. जाधव हवालदार एकदा मुद्दाम येऊन म्हणाले, "बाई, तुमची वस्तू घेऊन जा की. लायसन तुमचं चालू हाय." माय म्हणाली, "राहू द्या अजून. न्यायची झाली की येईन." मला वाटलं, आता आपण मामांच्या गावी जाणार आणि मी शेणगोठा करणार.

दसरा होऊन गेला होता. सकाळी मी दुकान झाडत होते आणि पायरीशी एक पत्र्याची ट्रंक येऊन टेकली. वर बघितलं तर दत्ता, आणि त्याच्या मागं नागनाथकाका, टोपीनं घाम पुसत. माय वरून खाली आली ती शेवटच्या पायरीवरच थांबली.

"ह्यानंच हट्ट धरून ठिवलाय, वहिनी," काका म्हणाले. "दोन महिने झाले. माझ्याकडं गिऱ्हाईक त्याला बघून मला विचारतं, ह्याला ऐकू येत न्हाई, मग काम कसं सांगायचं? म्हणून मी त्याला मागं अंधारात बसवला. ते त्याला आवडत न्हाई. तुमच्याकडं बाक रिकामा हाय, पुढं उजेडात हाय, हे त्यानं त्या चिठ्ठीच्या आधीच मनात धरलं होतं. मालक गेल्यावर मी इथं भेटायला आलो, तवा बाक बघितला, आन् ह्यो हैद्राबादेहून आल्यावर ह्याला खुणेनं सांगितलं होतं. तुमच्या पिस्तुलाचं त्याला म्हणे काही न्हाई. त्याला बाक पाहिजे."

मायनं ट्रंकेकडे बघितलं. मग तिनं विचारलं, "आणि काकू?"

"तिची एक अट हाय." काकांनी टोपी डोक्यावर ठेवली. "म्हणाली, त्या बाईला सांगा, माझ्या लेकाची बोली शिका. पुढं कधी थांब म्हणायचं झालं तर हातानं म्हणा."

माय खाली उतरली. दत्तासमोर उभी राहिली आणि दोन्ही तळवे उलटसुलट करून, भुवया उंचावून तिनं त्याला विचारलं, कसं म्हणायचं? दत्तानं उजवा पंजा उभा करून तिच्यापुढं धरला. तिनं तसाच पंजा उभा केला. त्यानं तिची बोटं नीट जुळवून दिली. हा तिचा पहिला शब्द.

दत्ता आमच्याकडे अकरा वर्षं होता. त्यानं लातूरला संसार थाटला, आणि त्याच्याच बाकाशेजारी दुसरा बाक टाकून मला घडवायला शिकवलं. आमच्या लाईनीत बाई भट्टीपुढं बसलेली तोवर कुणी पाहिली नव्हती. आज माझ्या हाताखाली सहा मुली आहेत, त्यांतल्या दोघींना ऐकू येत नाही. माल घरातच तयार व्हायला लागल्यावर नांदेडच्या फेऱ्या आपोआप थांबल्या. मायनं पिस्तूल परत आणलं, कधी लांबच्या गावी माल पोचवायचा असेल तर कमरेलाही लावलं, लायसनही वेळच्या वेळी नवं करून घेतलं. पुढं गुडघे गेले, फिरणं थांबलं, तेव्हा लायसनवाल्या विक्रेत्याला ते विकून टाकलं. लोक मला विचारतात, तुम्ही का नाही घेतलंत? मी पिस्तुलाला नावं ठेवत नाही. मायला त्यानं एका अवघड वर्षात उभं राहायला मदत केली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मला गरज पडली नाही, इतकंच.

पण मला हे प्रकरण संपवायचं आहे ते दत्ताच्या पहिल्या आठवड्यातल्या एका जेवणापाशी. त्याच्या बोलीत प्रत्येक माणसाला एक खूण असते, तेच त्याचं नाव. आम्ही चौघं ताटावर बसलो होतो, ज्वारीच्या भाकरी, उडदाचं वरण, शेंगदाण्याची चटणी. दत्ता आमची नावं ठेवत होता. माझी वेणी कमरेपर्यंत होती, त्यानं खांद्यावरून खाली हात ओढला, झाली मी. मामांच्या मिशांना दोन्ही बोटांनी पीळ दिला, झाले मामा. मग तो मायकडे वळला, तिच्याकडे थोडा वेळ बघितलं, आणि अंगठा वर, पहिलं बोट पुढं करून हात लांब केला.

पिस्तूल.

मामांचा घास हातात राहिला. मी मायकडे बघायचं धाडस केलं नाही. दत्ताच्याही चेहऱ्यावर आता शंका आली, तो हात हळूहळू खाली घ्यायला लागला.

मायनं वरणाचे हात तसेच वर केले. दोन्ही पंजे कानांच्या पातळीला, डोळे विस्फारलेले, सापडलेल्या चोरासारखे. दत्ताच्या घशातून आवाज फुटला, मोठा, खडबडीत, आणि तो हसतो आहे हे कळायला आम्हाला क्षणभर लागला. मग माय हसली. दादा गेल्यापासून ती हसली नव्हती. वरण कोपरापर्यंत ओघळत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ती हसतच होती. शेजारच्या दुकानातली माणसं काय झालं म्हणून जिन्याच्या तोंडाशी जमली, तरी तिचं हसू थांबेना. शेवटी तिनं पदरानं तोंड पुसलं, दत्ताच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली, आणि तीच खूण स्वतःच्या छातीकडे वळवून त्याला म्हणाली, "हाव. मीच ती."